टोकियोच्या भुयारी गाड्या एका साच्याच्या का नाहीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही. टोकियोच्या भुयारी गाड्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप असा : एकाच शहरात तीन गेज (दोन रुळांमधलं अंतर), विजेच्या वेगवेगळ्या तऱ्हा, डब्यांची लांबी निराळी, एका मार्गाची गाडी दुसऱ्या मार्गावर जात नाही. याला नियोजन म्हणायचं की गोंधळ? आणि मुंबईत असं झालं असतं तर आपण टीकेची झोड उठवली असती, मग जपानचं कौतुक कशासाठी?

माहिती तुमची बरोबर आहे. गिन्झा आणि मारुनोउची मार्गांचं गेज १४३५ मिमी, वीज ६०० व्होल्टच्या तिसऱ्या रुळातून. हिबिया, तोझाई, चियोदा हे १०६७ मिमीचे आणि १५०० व्होल्टच्या तारेवर चालणारे. शिंजुकु मार्ग तर १३७२ मिमी. माझा मतभेद आहे तो तुम्ही काढलेल्या निष्कर्षाशी. भुयारी मार्ग आपसात जुळतात का, एवढंच तुम्ही पाहिलंत. टोकियोत १९६० पासून आधी पाहिलं गेलं ते बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुढे कोणाचे रूळ लागतात ते.

असाकुसा मार्ग घ्या. पूर्वेला केइसेइ कंपनीची उपनगरी रेल्वे होती, १३७२ मिमीची. दक्षिणेला केइक्यु, १४३५ मिमीची. मधला बोगदा शहराचा. तिघांच्या गाड्या सलग धावायच्या तर कुणाला तरी रूळ बदलणं भाग होतं. ते केइसेइने १९५९ मध्ये बदलले; एकेक टप्पा घेत, प्रवासी वाहतूक चालू ठेवून. डिसेंबर १९६० मध्ये तिच्या गाड्या थेट बोगद्यात आल्या, १९६८ मध्ये केइक्युही जोडली गेली. आज नारिता विमानतळावर बसलेला माणूस गाडी न बदलता हानेदा विमानतळाला उतरू शकतो, तो त्या कामामुळे.

शिंजुकु मार्गावर नेमकं उलटं घडलं. केइओ कंपनीचं १३७२ मिमी गेज हा टोकियोच्या जुन्या घोड्यांच्या ट्रामचा वारसा. तिनेही १४३५ मिमी करावं अशी अपेक्षा होती, पण रोजच्या प्रचंड गर्दीत ते जमण्यासारखं नव्हतं. मग बोगद्यातच १३७२ मिमीचे रूळ टाकले आणि १९८० मध्ये केइओच्या गाड्या आत आल्या. नकाशावर हे गेज विचित्र दिसतं, मान्य. पण केइओच्या प्रवाशाला त्याच्या गाडीतून शहराच्या पोटात आणायला दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता.

योयोगी-उएहारा स्टेशनवर चियोदा मार्गाची गाडी ओदाक्यु या उपनगरी रेल्वे कंपनीच्या रुळांवर जाते. फलाटावर एक मोटरमन उतरतो, दुसऱ्या कंपनीचा चढतो, दारं बंद होतात. बाकावरच्या माणसाला हलावं लागत नाही. मुंबईचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो : घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचा जिना चढणाऱ्या गर्दीला विचारा, सलग गाडीची किंमत काय असते ते. आपली लोकल १६७६ मिमीची, मेट्रो १४३५ मिमीची. ते दार आपण बांधतानाच बंद केलं. या निर्णयाची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली, असं मला ठामपणे वाटतं.

एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर जात नाही, हा तुमचा मुद्दा ओएदो मार्गाबद्दल मात्र अर्धा खरा आहे. तिथल्या गाड्या लिनियर मोटरच्या, म्हणजे चाकं फिरवण्याऐवजी रुळांमधल्या धातूच्या पट्टीवर चुंबकी जोर लावून पुढे सरकणाऱ्या. मोटर चपटी असल्याने डब्याचा तळ खाली येतो, बोगदा लहान खणता येतो आणि खर्च वाचतो. पण दोन रुळांच्या मधोमध ती पट्टी नसेल तर ही गाडी स्वतःहून पुढे सरकत नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी ती असाकुसा मार्गावरून मागोमेच्या कारखान्यात न्यावी लागते. गेज तेच, पण पट्टी नाही. म्हणून खास त्या कामासाठी विजेची इंजिनं बनवली. २००६ पासून ती या गाड्या ओढत नेतात. दुसरा कारखाना बांधण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं.

विविधतेचा त्रास होतो, हेही लपवण्यासारखं नाही. हिबिया मार्गावर १८ मीटरचे आठ डबे असत, काहींना तीन दारं, काहींना पाच. फलाटावर सरकती दारं बसवणार कशी? तेव्हा २०१७ पासून २० मीटरच्या, चार दारांच्या सात डब्यांच्या गाड्या आल्या, आणि पलीकडच्या तोबु कंपनीनेही तशाच गाड्या घेतल्या. असाकुसावर इतक्या कंपन्यांच्या गाड्या येतात की सगळ्या बदलणं अशक्य. तिथे गाडीच्या दारांच्या काचांवर क्यूआर कोड चिकटवले. फलाटावरचा कॅमेरा ते वाचतो, डबे किती आणि दारं किती ते ओळखतो आणि गाडीची दारं हलली की फलाटाची दारंही त्यासोबत हलवतो. जुन्या गाडीत यंत्रणा बदलण्याचा खर्च त्यामुळे टळला.

भाड्याबद्दलची तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. गाडी एक असली तरी कंपनी बदलली की दोन्हींचं भाडं मोजावं लागतं, आणि रोजच्या प्रवाशाला ते जड जातं. टोकियो मेट्रो आणि महानगर प्रशासनाची तोएइ या दोन भुयारी संस्थांमध्येही हेच आहे. तिथे टीका कराल तर मी तुमच्या बाजूने आहे.