बार्बरा जॉर्डन : एका भाषणामागची बारा वर्षे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे मराठी आईवडील ज्या विमानतळ-इमारतीत उतरतात, तिचे नाव बार्बरा जॉर्डन टर्मिनल असे आहे. तिथे त्यांचा बसलेला पुतळाही आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बॅगांची वाट पाहत त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभी होते, आणि या बाई कोण हे मला ठाऊक नव्हते, याची नंतर फार खंत वाटली. पुढे त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, २५ जुलै १९७४ च्या त्यांच्या भाषणाचे चित्रीकरण कितीतरी वेळा पाहिले, आणि त्यातून माझे जे मत बनले ते इथे मांडते आहे.

वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपल्याच्या आरोपांवरून, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा की नाही, याचा विचार अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाची ३८ सदस्यांची न्यायविषयक समिती करत होती. टेक्सासमधून निवडून आलेल्या कृष्णवर्णीय जॉर्डन तेव्हा पहिल्याच कार्यकाळातल्या सदस्य होत्या. वय ३८. अतिशय भारदस्त आवाजात, एकेक शब्द सुटा ठेवत त्यांनी सुरुवात केली ती राज्यघटनेच्या 'आम्ही लोक' या पहिल्या शब्दांपासून. १७८७ साली ती घटना पूर्ण झाली तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये मी नव्हते, वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन या घटनाकारांनी मला चुकून वगळले असावे असे मला अनेक वर्षे वाटत असे, पण घटनादुरुस्ती, अन्वयार्थ आणि न्यायालयाचे निर्णय या मार्गांनी अखेर माझा त्यात समावेश झाला, अशा आशयाचे ते वाक्य आहे. त्यानंतर राज्यघटनेवरची आपली श्रद्धा पूर्ण आहे आणि तिचा विध्वंस आपण स्वस्थ बसून पाहणार नाही, असे त्या म्हणाल्या.

या भाषणाचे कौतुक करताना लोक वक्तृत्वाबद्दल बोलतात. माझे मत असे की ते पहिले वाक्य अलंकारिक नाही. तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा शब्दशः हिशेब आहे.

जॉर्डन यांचा जन्म १९३६ चा, ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. वडील गोदामात कारकून आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशक. टेक्सास सदर्न विद्यापीठात त्या शिकल्या, आणि ते विद्यापीठच मुळी गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना घ्यावे लागू नये म्हणून १९४७ मध्ये उभारलेले होते. बॉस्टनहून १९५९ मध्ये कायद्याची पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी आईवडिलांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर वकिली सुरू केली. १९६२ आणि १९६४ अशा दोन वेळा त्या राज्याच्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पडल्या. त्यांच्या वस्तीतले लोक भरभरून मते देत होते, पण संपूर्ण हॅरिस काउंटी हाच एक मतदारसंघ धरून मतदान होत असल्यामुळे ती मते गोऱ्या उपनगरांच्या मतांत बुडून जात. उमेदवाराने आणखी कितीही कष्ट केले असते तरी हे गणित बदलणारे नव्हते.

ते बदलले न्यायालयाने. राज्यांच्या विधिमंडळांतील मतदारसंघ लोकसंख्येनुसारच असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला, टेक्सासला पुनर्रचना करावी लागली, मतदानासाठी भरावा लागणारा करही १९६६ मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षी त्याच बाई, त्याच लोकांच्या मतांवर, टेक्सासच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, निवडून गेल्या. १८८३ नंतर तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य. ३१ जणांच्या सभागृहात बाकी सगळे पुरुष होते.

तिथे त्यांनी काय केले, हे मला त्या भाषणाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी सभागृहाचे नियम तोंडपाठ केले आणि सहकाऱ्यांशी माणुसकीचे संबंध जोडले. मतदार नोंदणी अवघड करणारे एक विधेयक आले तेव्हा त्यांनी आणखी दहा सदस्यांचा शब्द मिळवून ते चर्चेलाच येऊ दिले नाही, कारण दोनतृतीयांश पाठिंब्याशिवाय विधेयक पुढे घेता येत नसे आणि अकरा मते अडवायला पुरत. राज्याच्या पहिल्या किमान वेतन कायद्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १० जून १९७२ रोजी, सिनेटच्या हंगामी अध्यक्ष या नात्याने, त्या एका दिवसासाठी गव्हर्नर झाल्या. मुलीचा शपथविधी पाहायला वडील ऑस्टिनला आले होते. त्याच दिवशी त्यांची प्रकृती बिघडली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

एक गोष्ट मात्र मला सलते. ज्या मतदारसंघातून त्या १९७२ मध्ये वॉशिंग्टनला, प्रतिनिधिगृहात गेल्या, तो आखणाऱ्या समितीच्या त्या उपाध्यक्ष होत्या, आणि त्याच फेररचनेत त्यांचा जुना सिनेट मतदारसंघ विभागला गेला. कर्टिस ग्रेव्हज या कृष्णवर्णीय आमदाराने हा सौदा असल्याचा उघड आरोप केला आणि त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणूक लढवली. मतदारांनी जॉर्डन यांना प्रचंड कौल दिला, तरी हा प्रश्न निकालाने सुटत नाही असे मला वाटते. न्यायालयाने काढलेल्या रेषांमुळे ज्यांना दार उघडले, त्यांनी स्वतः रेषा काढताना आपल्या लोकांची एक जागा कमकुवत होऊ दिली, हे नोंदवलेच पाहिजे. माझ्या आदराला त्याने धक्का लागत नाही.

त्या भाषणानंतर, १९७४ च्या ऑगस्टमध्ये, निक्सन यांनी राजीनामा दिला. १९७६ मध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात प्रमुख भाषणाचा मान जॉर्डन यांना मिळाला. सगळीकडे नाव झालेले असताना १९७८ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि ऑस्टिनमध्ये विद्यापीठात शिकवू लागल्या. १९७३ पासूनच त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता, आणि हे त्यांनी जगापासून दूर ठेवले होते. १७ जानेवारी १९९६ रोजी त्या गेल्या.

मला विचाराल तर त्यांचे सर्वांत मोठे काम १९७५ चे. मतदानात वांशिक भेदभाव होऊ नये म्हणून केलेल्या मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना त्याचे संरक्षण टेक्सासला आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या नागरिकांनाही मिळावे, यासाठी त्यांनी जोर लावला, तोही स्वतःच्याच राज्याच्या गव्हर्नरांचा विरोध पत्करून. ज्यांना याचा सर्वाधिक लाभ झाला ते मेक्सिकन वंशाचे मतदार होते. त्यांची लढाई जॉर्डन यांच्या समाजाच्या लढाईहून वेगळी होती, तरी त्यांनी ती आपली मानली. ज्या हॅरिस काउंटीत त्या दोनदा पडल्या होत्या, तिथली मतपत्रिका आज इंग्रजीबरोबर स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी भाषांतही मिळते.