ग्रेट, पण नॉट

शनिवारी रात्री पक्षीमित्राचा मेसेज आला: नवी मुंबईत सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्समागच्या पाणथळीत ग्रेट नॉट दिसलाय. हा पक्षी अंडी घालतो सैबेरियाच्या डोंगरांत. थंडीला बहुतेक सगळे ऑस्ट्रेलिया गाठतात, थोडे आपल्याकडे उतरतात. तो सैबेरियाहून येणार आणि मी ठाण्याहूनही जाऊ नये?

"दिसतो कसा?" बायकोने विचारलं.

"राखाडी. चिखलात चालतो."

"मग कळव्याच्या पुलावरून बघा की!"

तिला भरतीचं गणित कुठे ठाऊक? ओहोटीला ही मंडळी खाडीभर पांगतात, दुर्बिणीतूनही तिळाएवढी दिसतात. भरतीने चिखल बुडाला की आतल्या पाणथळींवर येऊन दाटीवाटीने उभी राहतात. म्हणून आम्ही पक्षीवाले भरतीची वेळ लग्नाच्या मुहूर्तासारखी पाळतो.

पनवेल लोकल पकडून मुहूर्त गाठला. समोर तीनेकशे राखाडी पाठी. प्रत्येक जण एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून गाढ झोपलेला. आणि यांना ओळखायचं मुख्यतः चोचीवरून! तसाच राखाडी दिसणारा दुसरा पक्षी म्हणजे कर्ल्यू सँडपायपर; त्याची खाली वाकलेली, ग्रेट नॉटची जवळजवळ सरळ. म्हणजे चोच बाहेर असते तेव्हा पक्षी कोसभर लांब, आणि पक्षी जवळ येतो तेव्हा चोच घडी करून ठेवलेली.

"शेपटीच्या वर पांढरं दिसलं तर सांगा," शेजारचे काका पुटपुटले. त्यांची लेन्स माझ्या दुधीभोपळ्याएवढ्या पोटाहून मोठी.

"म्हणजे तो नॉट?"

"दोघांचंही पांढरंच असतं. पण सांगा."

दीड तासात एकाने फक्त पाय बदलला. आमच्यात त्यावरही चर्चा झाली. डासांनी मात्र मला पहिल्या नजरेत ओळखलं.

मग तिसऱ्या रांगेतला एक जरा दांडगा गडी हलला. एक पंख ताणला, मान उचलली. चोचीचं बूड दिसलं, काळं. काकांनी श्वास रोखला. आता टोक...

"टिटीव् टिव्! टिटीव् टिव्!"

मागच्या बांधावर टिटवी. तीनशे पक्षी एकदम उठले, हवेत वळले, पांढरे चमकले आणि खाडीपार. टिटवीने समुद्र आटवल्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती. तळं रिकामं करताना तिला आज पाहिलं.

"पुढची मोठी भरती अमावास्येला," काका लेन्स पुसत म्हणाले.

अमावास्येला बाहेर पडायचं घरी काय कारण सांगावं, याचा विचार करत मी सीवूड्सच्या प्लॅटफॉर्मवर बुटातला चिखल काढत बसलो.