एक डॉलरही दिला नाही? मग ती १३ कोटी एकर जमीन कुणाची होती?

भाच्याला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलायचंय. काल त्याने भाषण तपासायला पाठवलं. निम्मं भाषण ग्रुपांवर फिरणाऱ्या त्या मेसेजमधून जसंच्या तसं उचललेलं: ‘अमेरिकेत सरकारने रेल्वेला एक डॉलरही दिला नाही. धाडसी उद्योगपतींनी स्वतःच्या खिशातून, अमेरिकन माणसाच्या घामावर रूळ टाकले. १८६९ मध्ये दोन समुद्र जोडले गेले आणि देश श्रीमंत झाला.’ हे तो स्टेजवरून बोलणार, म्हणून लिहायला बसले.

एक डॉलरही नाही, हे धादांत खोटं आहे. लिंकन यांनी सही केलेला १८६२ चा पॅसिफिक रेल्वे कायदा उघडून वाचा. पूर्वेकडून रूळ टाकत येणारी युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून येणारी सेंट्रल पॅसिफिक या कंपन्यांना मैलामागे सरकारी कर्जरोखे द्यायचे ठरले: सपाटीवर १६,००० डॉलरचे, दोन डोंगररांगांमधल्या प्रदेशात ३२,००० चे, डोंगरात ४८,००० चे. शिवाय मैलामागे ६,४०० एकर जमीन. १८६४ मध्ये तीही दुप्पट केली.

आता ‘स्वतःच्या खिशा’ची गोष्ट. कॅलिफोर्नियातलं सॅक्रॅमेंटो सोडलं की सातेक मैलांवर आर्केड क्रीक हा ओढा लागतो. आजूबाजूला सपाट रान. सेंट्रल पॅसिफिकचे चार्ल्स क्रॉकर राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांना तिथे घेऊन गेले आणि व्हिटनींनी तिथली माती बघून सिएरा नेवाडा हा डोंगर इथूनच सुरू होतो असं लिहून दिलं. वॉशिंग्टनने ते मान्यही केलं. सपाटीवरच्या मैलाला डोंगराचा दर, तिप्पट! तिकडे युनियन पॅसिफिकच्या कारभाऱ्यांनी क्रेडिट मोबिलियर ही आपलीच ठेकेदार कंपनी उभी करून रेल्वेला भरमसाट बिलं लावली आणि तिचे शेअर्स खासदारांना स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये ते चव्हाट्यावर आलं. पैसा स्वतःच्या खिशातला असता, तर स्वतःलाच फुगवलेलं बिल कुणी लावलं असतं? यूटामध्ये तर दोन्ही कंपन्यांच्या मजुरांच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून, शेजारीशेजारी, मैलोन्‌मैल भराव घालत गेल्या. मोबदला मैलावर होता ना!

सगळ्या रेल्वे मिळून केंद्राने सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दीडपटीहून जास्त. त्यातल्या कितीतरी जमिनीवर मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

एवढं मान्य करते की रोखे हे कर्ज होतं आणि बरंचसं पुढे फेडलं गेलं. उद्योगपती जेम्स हिल यांनी ग्रेट नॉर्दर्न ही रेल्वे पॅसिफिक महासागरापर्यंत नेली तीही केंद्राच्या जमिनीशिवाय. पण ती ज्या जुन्या कंपनीतून उभी राहिली, तिला मिनेसोटात जमीन मिळालेली होतीच.

१८६९ ची ‘समुद्र ते समुद्र’ गाडी? पूर्वेकडच्या रेल्वे आणि युनियन पॅसिफिक यांच्या मधे ओमाहाला मिझुरी नदी होती, तिच्यावर पूल १८७२ मध्ये झाला. तोवर माणसं नावेने पलीकडे जात. श्रीमंतीचं म्हणाल, तर शिकागोचं धान्य आणि मांस पूर्वेला पोचलं ते रेल्वेमुळेच, यात वाद नाही. पण १८७३ ची मंदी भडकली तीही नॉर्दर्न पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वेच्या रोख्यांत अडकलेली, बँकर जे कुक यांची पेढी बुडाल्यावर.

आणि घाम. सिएरा नेवाडातले बोगदे खोदले ते हजारो चिनी मजुरांनी. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांइतकी मजुरी मागत संप केला, तेव्हा क्रॉकर यांनी त्यांचं अन्नधान्य तोडलं. आठवडाभरात संप मोडला. एप्रिल १८६९ मध्ये एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम झाला, त्यात रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदली गेली. त्याच दिवशी राबलेल्या चिनी मजुरांची नाहीत. १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेची दारंच बंद केली.