हिमनदी पाहायला जाणाऱ्यांनी तिची नदीही पाहावी

सहा वर्षांपूर्वी एका युरोप सहलीत आम्ही स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला गेलो होतो. ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकात आगगाडीतून उतरलो, सज्जात उभे राहिलो, समोर दूरवर वळत गेलेली आलेच हिमनदी पाहिली, फोटो काढले आणि लगेच परतीच्या गाडीची वेळ झाली. आल्प्समधली ही सर्वांत मोठी हिमनदी, एवढे आम्हांला सांगण्यात आले. तिच्या मुखातून मासा नावाची नदी निघते, ती ऱ्होन नदीला मिळते आणि ते पाणी भूमध्य समुद्रापर्यंत जाते, हे मात्र मला घरी आल्यावर नकाशा उघडला तेव्हा कळले.

आपल्या भाषेतला ‘हिमनदी’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. सहलींमध्ये आपल्याला त्यातला हिम तेवढा दाखवला जातो आणि नदी राहून जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की, पंधरा दिवसांत चार हिमनद्या पाहण्यापेक्षा एकीच्याच पाण्याकाठी तीन दिवस राहावे.

हे मला गोमुखाच्या, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाच्या, वाटेवर उमगले. गंगोत्रीपासून गोमुख सुमारे १८ किलोमीटर आहे. परवाना लागतो आणि दिवसाला ठरावीक १५० जणांनाच तो मिळतो. बहुतेक लोक भोजबासाला रात्र काढतात, पहाटे गोमुख गाठतात आणि त्याच दिवशी खाली उतरतात. पत्नीचा गुडघा दुखू लागल्यामुळे आम्हांला भोजबासात एक दिवस जास्त राहावे लागले, आणि संपूर्ण प्रवासातला तोच दिवस मला आज सर्वांत मोलाचा वाटतो. सकाळी सहा वाजता भागीरथीच्या काठावरचा एक चपटा दगड मी खूण म्हणून हेरून ठेवला होता. तो पाण्यापासून हातभर वर होता. दुपारी एकच्या सुमारास पाणी त्याला टेकले आणि संध्याकाळी पाचला दगड दिसेनासा झाला. दिवसभर आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. रात्री प्रवाहाच्या आवाजात खालून गडगडत जाणाऱ्या धोंड्यांचा आवाज मिसळलेला होता, आणि पहाटे पाहतो तो दगड पुन्हा कोरडा.

सह्याद्रीच्या नद्यांकाठी वाढलेल्या माणसाला हे सगळे उलटे वाटते. आपल्या नद्या आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रात मुले क्रिकेट खेळतात. हिमनदीतून निघालेली नदी मात्र उन्हावर वाढते: जितके आभाळ निरभ्र, तितके पाणी जास्त. ऊन चढले की बर्फ वितळू लागतो, ते पाणी बर्फातल्या भेगांतून आणि तळाच्या बोगद्यांतून वाट काढत मुखापर्यंत येते, आणि या प्रवासाला काही तास लागत असल्यामुळे पाण्याचा जोर दुपारनंतर जाणवतो. मनाली-काझा रस्त्यावरचे ड्रायव्हर नाले सकाळीच ओलांडायचा आग्रह धरतात तो याचमुळे. पाण्याचा दुधाळ करडा रंगही मुखापासूनचाच असतो, कारण सरकणारा बर्फ तळाचा खडक दळतो आणि ते पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: गंगोत्री हिमनदी पांढरीशुभ्र असेल अशी अपेक्षा ठेवून आलेले लोक तिच्यावरचे दगडमातीचे थर पाहून हिरमुसतात. ‘बर्फ कुठे आहे?’ असे विचारणारे कितीतरी जण मला तिथे भेटले. जाड थराखाली बर्फ उन्हापासून वाचतो आणि पातळ धुळीने तो उलट लवकर वितळतो, हे कोणी समजावून दिले असते तर ती काळवंडलेली हिमनदी त्यांनी अधिक आस्थेने पाहिली असती.

गेल्या उन्हाळ्यात झुरिकला शिकणाऱ्या मुलीकडे गेलो, तेव्हा ठरवून ऱ्होन हिमनदीसाठी चार दिवस ठेवले. फुर्का घाटाजवळ बर्फात कोरलेली गुहा टिकवण्यासाठी तिथे अनेक उन्हाळे बर्फावर पांढऱ्या जाड कापडांची आच्छादने घातली गेली आहेत. त्याखालचा बर्फ थोडा जास्त टिकतो, बाकी हिमनदीला त्याचा उपयोग नाही. माझ्याशी त्याहून जास्त बोलले ते खालचे ग्लेच गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ तिथल्या खोऱ्याच्या तळापर्यंत उतरलेला होता. आज त्याच जागी दगडगोट्यांचे मैदान आहे, त्यावरून कोवळी ऱ्होन वाहते, आणि हिमनदी वर कड्याआड गेली आहे. एकट्या २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांमधला सुमारे १० टक्के बर्फ गेला. हा आकडा मी आधी वाचलेला होता, परंतु त्या गोट्यांवरून तासभर चालल्यावर तो मला पहिल्यांदा खरा वाटला.

विमानाने हजारो किलोमीटर जाऊन वितळत्या बर्फापुढे हळहळायचे, यातली विसंगती मला बोचते. प्रवास बंद करावा असे मी म्हणणार नाही, पण ‘संपण्याआधी पाहून घ्या’ अशा जाहिरातींनी मला संताप येतो. विमानाने जायचेच तर क्वचित जावे आणि गेल्यावर पुष्कळ दिवस राहावे. त्याआधी रेल्वेने पोहोचता येण्याजोगा आपला हिमालय पाहावा. तिथेही मुक्काम कुठे करतो याकडे लक्ष हवे. गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावाचा मोठा भाग ५ ऑगस्ट २०२५ रोजी काही क्षणांत चिखल-दगडांखाली गेला. खीरगंगा नाल्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळावरच तिथली हॉटेले उभी होती, आणि नदी दिसणाऱ्या खोलीचा आग्रह आपणच धरत असतो. मीही तो धरलेला आहे. आता खोली घेताना ती नाल्यापासून किती उंच आणि किती दूर आहे, हे मी आधी विचारतो.

येत्या जुलैत आम्ही हिमाचलमधल्या लाहौलमध्ये चंद्रा नदीकाठी पाच दिवस राहणार आहोत. बडा शिग्री हिमनदीचे पाणी या नदीला मिळते आणि तेच पुढे चिनाब होऊन वाहते. पहिल्या सकाळी काठावरचा एक दगड हेरायचा आणि पाचही दिवस त्याच्यापाशी येणाऱ्या पाण्याच्या वेळा वहीत लिहायच्या, एवढाच बेत सध्या ठरला आहे.