राष्ट्रपती म्हणे सगळे बिनविरोध येतात!

'राष्ट्रपती निवडणुकीचं सत्य' असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की ही निवडणूक म्हणजे आधीच ठरलेलं नाटक, आजवरचे सगळे राष्ट्रपती बिनविरोध आले, सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार कधी हरलाच नाही, महाराष्ट्राच्या आमदाराचं मत मुद्दाम हलकं ठेवलंय आणि २००७ च्या आधी या पदाला कुणी मराठी माणूस किंवा बाई उभीच राहिली नव्हती. मी आधी सोडून दिलं होतं. पण काल भाचीची वही बघितली, आठवीत आहे, शनिवारी वक्तृत्व स्पर्धा, आणि तिने हाच मेसेज वळणदार अक्षरात उतरवून 'सगळे बिनविरोध' खाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या. आता गप्प बसवत नाही.

बिनविरोध फक्त एकदा, १९७७ मध्ये, नीलम संजीव रेड्डी. तेव्हाही अर्ज ३७ आले होते, ३६ छाननीत बाद झाले. अगदी १९५२ ला राजेंद्रबाबूंच्या विरोधात के. टी. शहा होते आणि त्यांना ९२,८२७ मतं पडली (इथे आकडे डोकी मोजून नाहीत, प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरलेली किंमत असते, तिची ही बेरीज). निवडणूक आयोगाने २०१२ च्या वेळी माहितीपुस्तिका काढली होती, जुने निकाल त्यात आहेत, फॉरवर्ड करायच्या आधी कुणी उघडून तरी बघायची.

आता 'अधिकृत उमेदवार हरला नाही'. अहो, १९६९! झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले, काँग्रेसने अधिकृत उमेदवार दिला तो हेच संजीव रेड्डी, त्यांच्या अर्जावर इंदिराबाईंची स्वतःची सही, आणि मग त्यांनीच खासदार-आमदारांना सांगितलं की सदसद्विवेकबुद्धीने मत द्या. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी असे पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि जिंकायला हवी होती ४,१८,१६९, म्हणजे कुणीच निवडून आलेलं नाही. मग खालच्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली, रेड्डींच्या पारड्यात ९१ हजारांवर मतं आली, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. काँग्रेस त्याच वर्षी फुटली. निकालावर सुप्रीम कोर्टात केस झाली आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः कोर्टात साक्षीला आले. याला आधीच ठरलेलं नाटक म्हणायचं? गिरी इंदिराबाईंना हवे होते आणि बाकी बऱ्याच निवडणुका एकतर्फी झाल्या, एवढं मान्य करतो. त्यापुढे नाही.

आणि त्या निवडणुकीत तिसरे कोण होते? आपले चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस. 'स्वतंत्र पक्ष' नावाचा पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा, १,१२,७६९ मतं. मराठी माणसाच्या नावाने गळा काढणाऱ्या मेसेजमध्ये त्यांचंच नाव नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. बाईंचं म्हणाल तर २००२ ला कलामांच्या विरोधात आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल होत्या.

मताच्या किमतीचं गणित साधं आहे. १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले हजार. महाराष्ट्र १७५, यूपी २०८, तमिळनाडू १७६, सिक्कीम ७. इतकी जुनी जनगणना धरतात हे मलाही पटत नाही, पण नियम सगळ्या राज्यांना तोच.

भाचीने ते पान फाडलं नाही, नुसती तिरपी रेघ मारली. पुढच्या पानावर वर लिहिलंय '१९६९' आणि खाली देशमुखांचं नाव.