काका, चेकरिंग आणि हस्तसामुद्रिक: ‘अचूकनेम’ यांना उत्तर

‘बेनामी माउझर’ या माझ्या लेखावर ‘अचूकनेम’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पार्ल्याच्या एका घरी ७ बाय ५७ (हे काडतुसाचं माप, मिलिमीटरमध्ये) ची जुनी शिकारी रायफल पाहायला मिळाली. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं की लोखंड जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातलं आहे, दस्ता (लाकडी भाग) मात्र मागाहून मुंबईत चढवलेला आहे. आणि तो घडवला माझे वडील ज्यांना ‘मास्तर’ म्हणायचे त्या त्यांच्या दुकानातल्या कारागिराने. अचूकनेम यांचं म्हणणं असं की मी बॅरल (नळी) दस्त्यातून उतरवून खालचे शिक्के पाहिले नाहीत. बटप्लेटखालचा (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखालचा) पेन्सिलीचा देवनागरी आकडा कुठल्याही दुरुस्तीवाल्याचा असू शकतो. जर्मन प्रूफ कायद्याचं (बंदूक चाचणीत टिकली की शिक्का मारायचा, तो कायदा) साल चुकलंय. वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट उगाच ओढून आणलाय. आणि मास्तर नेमके माझ्या वडिलांच्याच दुकानातले निघावेत हा योगायोग जरा जास्तच गोड आहे. शेवटी हे वाक्य: “काका, भावना समजतात, पण दस्त्यावरची जाळी बघून कारागीर ओळखणं म्हणजे हस्तसामुद्रिक झालं.”

आधी सालाचं. बरोबर आहे तुमचं. मुकुटाखाली अक्षर असलेल्या त्या शिक्क्यांचा कायदा १८९१ चा, पण अंमल १८९३ पासून. मी ‘१८९१ पासून शिक्के पडू लागले’ असं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. चूक दाखवलीत, आभार.

आता ‘काका’. तुम्ही माझे पुतणे नाही. मी सदुसष्ट वर्षांचा आहे हे मीच इथे लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंत आणि हत्यारासारखं वापरलंत. ‘भावना समजतात’ हे आपण कोणाला म्हणतो? जो रडतोय त्याला. मी रडत नव्हतो, मोजत होतो. लेखात मी दस्त्यावरच्या जाळीत इंचाला रेघा किती ते दिलंय (वीस), रेघा छेदून होणाऱ्या हिऱ्याची लांबी-रुंदी दिलीय, किनारीची पट्टी नाही हे दिलंय. यात भावना कुठे दिसली?

आणि हस्तसामुद्रिक! हा शब्द मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. लोकलमध्येसुद्धा. तर जरा सविस्तरच बोलू.

चेकरिंग म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर सांगतो. दस्त्यावर हात घट्ट बसावा म्हणून तिरक्या रेघांची जाळी कोरतात. आधी दोन मुख्य रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. मग दुहेरी दात्यांचं हत्यार घ्यायचं: एक दातेरी कड आधीच्या रेघेत चालते, दुसरी शेजारी नवी रेघ पाडते. म्हणजे प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर अवलंबून. पहिल्या रेघेत केसभर कललात की विसाव्या रेघेपर्यंत ते कलणं वाहत जातं. पिस्तूल ग्रिपच्या (मुठीच्या) वळणावर लाकडाची शीर उलटते, तिथे तर प्रत्येकाचा हात आपापल्या पद्धतीने अडतो. काहीजण कडेला पट्टी कोरून बाहेर गेलेल्या रेघा झाकतात. पट्टी न घालणारा माणूस एकतर अडाणी, नाहीतर हातावर पूर्ण भरवसा असलेला. ही जाळी पाहून अडाणी कोणी म्हणणार नाही.

मास्तरांच्या कामात उजव्या बाजूच्या जाळीच्या खालच्या टोकाला एक हिरा टोकदार केलेला नसतो, सपाट राहतो. एकच. आणि त्याच्या वरच्या तीन रेघा किंचित डावीकडे झुकतात. पार्ल्याच्या रायफलवर हेच आहे. गिरगावात पाहिलेल्या बारा बोअरच्या बंदुकीवर हेच होतं. दादरच्या एका कुटुंबाच्या रायफलवरही हेच. त्या कुटुंबाकडे लायसनवर तीन हत्यारं होती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा तिनावरून दोनावर आणली, तेव्हा ती रायफल जमा झाली. म्हणून आता फोटो मागू नका. जमा करायच्या आधी मी जाळीवर बटरपेपर ठेवून पेन्सिलीने ठसा घेतलाय, पार्ले, गिरगाव, दादर या तिन्ही दस्त्यांचे ठसे माझ्याकडे आहेत. हिऱ्यावर हिरा बसतो. याला हस्तसामुद्रिक म्हणत नाहीत, हस्ताक्षर म्हणतात. बँकेत चेकवरची सही जुळवतात तेव्हा तुम्ही मॅनेजरला ज्योतिषी म्हणता का?

मी एकतीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला काढली. कानशीचे ओरखडे बघून ही डाय (साचा) कोणत्या फिटरने घासली हे सांगायचो, आणि सुपरवायझर पैजा लावायचा. मी एकदाच हरलो, तेही त्या माणसाने मनगट दुखतंय म्हणून डाव्या हाताने काम केलं होतं. वडील फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात मागच्या खोलीत बसत. रविवारी मी डबा घेऊन जायचो. अक्रोडाच्या लाकडाचा भुसा आणि जवसाच्या तेलाचा वास अजून नाकात आहे. मास्तर कोरायचं हत्यार आपल्याकडे ओढत नसत, पुढे ढकलत. मी स्वतः पाहिलंय. तुम्ही त्या खोलीत कधी गेला होतात?

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

पेन्सिलीच्या आकड्याबद्दल लेखात लिहिलंय, परत वाचा.

बॅरल उतरवली नाही, कारण रायफल माझी नाही. मालकांनी बटप्लेटचे दोन स्क्रू उघडू दिले तेच खूप. शिवाय खाली काय निघणार होतं? बॅरल जिथे बसते त्या रिंगवर, लाकडाच्या वर दिसणारे मुकुट मी पाहिलेत, ते जर्मन आहेत. समजा बॅरलखाली बर्मिंगहॅमचा, म्हणजे इंग्लंडातल्या चाचणीचा, शिक्का किंवा एखादं नाव निघालं, तरी त्याने काय सिद्ध होतं? कलकत्त्याची बंदुका विकणारी मँटन कंपनी १८२५ पासूनची, रॉडा तिथलीच. (१९१४ साली क्रांतिकारकांनी जिच्या मालातली पन्नास माउझर पिस्तुलं पळवली तीच रॉडा.) या दुकानांच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक बंदुका इंग्लंडात दुसऱ्याच कोणी बनवल्या होत्या. इंग्लंडातली वेब्ली अँड स्कॉट तर कितीतरी दुकानांसाठी माल बनवायची आणि वर नाव दुकानाचं. नाव असलेल्या बंदुकीचा बनवणारा नावावरून कळत नाही, आणि तुम्ही मला शिक्क्यांवर भरवसा ठेवायला सांगता.

कॉर्बेट मी उगाच आणला नव्हता. चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ साली मारली, त्याबद्दल त्यांना जी रायफल भेट मिळाली ती रिग्बी या इंग्लिश कंपनीची .२७५, माउझर ॲक्शनवरची (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा माउझरची). .२७५ म्हणजे हेच ७ बाय ५७, विलायती नावाने. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे, कोणी कोणाला का दिली ते सगळं कोरलेलं. पार्ल्याच्या रायफलला पट्टी नाही, म्हणूनच दस्ता वाचावा लागतो, इतकाच मुद्दा होता. खटकला असेल तर खटको.

राहिला वडिलांच्या दुकानाचा योगायोग. तुम्हाला काय सुचवायचंय ते मला कळलं. मुंबईत त्या काळी असं काम करणारी माणसं होती तरी किती? तीन दस्ते एका हातचे निघाले आणि त्या हाताला ओळखणारा मी निघालो, तर त्यात माझा काय दोष? दुसऱ्या कोणाचं काम मी ओळखूच शकलो नसतो, कारण दुसऱ्या कोणाचं काम मी इतक्या जवळून पाहिलेलंच नाही. हे तुम्ही माझ्याविरुद्ध वापराल हे मला लिहितानाच कळतंय. वापरा. वडिलांवर मात्र परत जाऊ नका.

काल पार्ल्याला फोन केला होता. मालक म्हणाले, पाऊस संपू दे, मग दस्ता उतरवायचं बघू, पण तुम्हीच उतरवायचा. साधा निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूंच्या खाचा फाडेल, म्हणून मी एक पातं समांतर घासून ठेवलंय. तुम्हाला यायचं असेल तर नाव-गाव कळवा, मालकांना विचारतो. चहा मिळेल. रायफलला हात लावायचा नाही.