हेस्तिया आणि वेस्ता एकच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रीकांची हेस्तिया आणि रोमनांची वेस्ता या चुलीच्या दोन देवींची तुलना करणारा माझा लेख इतक्या बारकाईने वाचल्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. हेस्तियाने ऑलिंपस या देवांच्या पर्वतावरचं आपलं आसन मद्याचा देव डायोनायसस याला दिलं, या माझ्या वाक्याला प्राचीन आधार नाही, हा पहिला. आणि रोमनांनी हेस्तियाचंच नाव वेस्ता केलं, मग तुलना कसली, हा दुसरा.

पहिला पूर्ण मान्य. ती गोष्ट अलीकडची आहे. ऑलिंपसच्या बारा प्रमुख देवांच्या याद्या सगळीकडे सारख्या नव्हत्या, कुठे हेस्तिया असे तर कुठे डायोनायसस, एवढंच खरं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

दुसरा मला पटत नाही. रोमन लेखक सिसेरो तुमच्या बाजूने आहे, हे कबूल. वेस्ता हे नाव ग्रीकांकडून आलं, असं तो लिहितो. दोघी चुलीच्या देवता, दोघी कुमारिका. पण नुसत्या नावावरून देवता ओळखता येत नाही. तिच्या नावाने माणसं काय करत होती, ते पाहायला हवं.

हेस्तिया ही आपली मुलं गिळून टाकणाऱ्या क्रोनस या देवाची थोरली लेक. बापाने तिला सगळ्यांत आधी गिळलं आणि पुढे त्याने मुलं ओकली तेव्हा ती बाहेर आली सगळ्यांत शेवटी, म्हणून थोरलीही तीच आणि धाकटीही तीच. पोसायडन आणि अपोलो या दोन देवांनी मागणी घातली, तेव्हा तिने देवांचा राजा झ्यूस याच्या मस्तकाला हात लावून लग्न न करण्याची शपथ घेतली. झ्यूसने तिला घराच्या मधोमध जागा दिली. अथेन्समध्ये तान्ह्या बाळाला चुलीभोवती फिरवत, मग ते घरचं होई. नगराचीही एक सामाईक चूल असे. इ.स.पू. 479 मध्ये ग्रीकांनी इराण्यांना हरवलं त्या प्लातायाच्या लढाईनंतर, इराण्यांनी विटाळलेले विस्तव विझवून डेल्फी या अपोलोच्या देवस्थानाहून नवा अग्नी आणायचं ठरलं. युकिदास नावाचा माणूस धावत गेला आणि त्याच दिवशी परतला. जाऊन-येऊन एक हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे 180 किलोमीटर! लोकांच्या हाती अग्नी देऊन तो कोसळला आणि गेला, असं ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो.

हाच प्लुटार्क, जो स्वतः डेल्फीचा पुजारी होता, आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. डेल्फीत आणि अथेन्समध्ये अखंड अग्नी राखायला लग्नाचं वय उलटलेल्या विधवा असत. रोममध्ये त्याच कामासाठी सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडत. तीस वर्षांची सेवा: दहा शिकण्यात, दहा करण्यात, दहा शिकवण्यात. रोमच्या मुख्य चौकातल्या, फोरममधल्या, तिच्या गोल देवळात वेस्ताची मूर्ती नव्हती, हे रोमन कवी ओविड सांगतो. अग्नी हीच देवी. तो विझला तर राखणाऱ्या मुलीला मुख्य पुरोहित फटके मारी.

वेस्ताच्या या कुमारिकांना मान होता, हे खरं आहे. बापाच्या ताब्यातून त्या सुटत, स्वतःचं मृत्युपत्र करू शकत. मृत्युदंडाला नेत असलेला कैदी वाटेत योगायोगाने भेटला तर त्याचा जीव वाचे. ज्युलियस सीझरचं मृत्युपत्रही त्यांच्याकडेच ठेवलेलं होतं. पण हा मान ज्या अटीवर मिळे, ती अट विसरता येत नाही. त्यांचं कौमार्य हे राज्याचं कवच मानलं जाई. म्हणूनच इ.स.पू. 216 मध्ये, कॅनीच्या लढाईत रोमन हरले त्या वर्षी, ओपिमिया आणि फ्लोरोनिया या दोघी कौमार्य मोडल्याबद्दल दोषी ठरल्या. एकीला रोमच्या कोलाइन दरवाज्याजवळ जिवंत पुरलं, दुसरीने आत्महत्या केली.

पुरायच्या जमिनीखालच्या खोलीत बिछाना, दिवा, थोडी भाकरी, पाणी, दूध आणि तेल ठेवत. पवित्र देहाला उपाशी मारल्याचं पाप लागू नये म्हणून! हे वाचताना आजही माझा हात थांबतो. हेस्तियाच्या चुलीपाशी बाळाला घरात घेत, आणि वेस्ताच्या अग्नीपायी बायकांना जमिनीत उतरवत. या दोघींना एक म्हणायला मी तयार नाही.

डोमिशियन सम्राटाने प्रधान कुमारिका कॉर्नेलियाला तिचं म्हणणं न ऐकताच जिवंत पुरण्याची ही शिक्षा दिली. खाली उतरताना तिचं वस्त्र अडकलं, असं रोमन लेखक धाकटा प्लिनी लिहितो. जल्लादाने आधाराला हात पुढे केला. ती झटकन मागे सरली, वस्त्र स्वतःच सावरलं आणि खाली गेली.